लेझरने खाचा मारलेल्या स्टीलवर थेंब आज पळतो, उद्या चिकटतो : दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. फायबर लेझर मार्किंग मशीनवर एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर, त्याने पाणी झटकावे म्हणून, बारीक खाचांची जाळी मारली आणि पहिला तुकडा असा जमला, की थेंब अळवाच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळला. तीच फाइल, तोच पत्रा आणि तेच सेटिंग ठेवून दुसरा तुकडा केला, तर पाणी टीपकागदावर पसरावे तसे पसरले. तिसरा तुकडा दोन दिवस चालला आणि मग ठिगळाठिगळांनी पाणी धरू लागला. इथून पुढे सगळे मशीनच्या मागे लागतात. पॉवर वाढवतात, स्पीड उतरवतात, हॅच, म्हणजे खाचांच्या ओळींची मांडणी, बदलतात. चार दिवस जातात, पत्रा वाया जातो, आणि जमलेला तुकडा का जमला होता हे कळत नाही ते नाहीच.

मशीनला हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. लेझर फक्त खडबडीतपणा देतो. पाणी झटकायचे की प्यायचे हे त्या खडबडीवर बसलेला रेणूंचा पातळ थर ठरवतो. वेन्झेलने १९३६ मध्ये मांडलेला नियम सांगतो की खडबडीतपणा पृष्ठभागाचा मूळ स्वभाव वाढवतो. पाणी आवडणारा पृष्ठभाग आणखी पाणी पितो, न आवडणारा आणखी झटकतो. ताज्या लेझर केलेल्या स्टीलवर स्वच्छ ऑक्साइड उघडे पडलेले असते आणि ऑक्साइडला पाणी फार आवडते. म्हणून मशीनवरून उतरलेला तुकडा पाणी पितो. तो दोष नाही, तसेच व्हायला हवे.

मग तो हवेत पडून राहिला की हवेतले सेंद्रिय रेणू, म्हणजे तेलाची वाफ, सॉल्व्हंट, धुराचे अंश, हळूहळू त्याच्यावर बसतात आणि स्वभाव उलटतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील गटाने २००९ मध्ये फेम्टोसेकंद लेझरने केलेल्या धातूंवर हाच बदल दाखवला होता. लेझरनंतर लगेच पाणी पिणारे नमुने हवेत ठेवल्यावर काही दिवसांनी पाणी झटकू लागले. तुमचा पहिला तुकडा जमला तो बहुधा असाच, आठवडाभर टेबलावर पडून. दुसरा मशीनवरून काढून लगेच तपासला गेला. सेटिंगचा त्यात काही संबंध नव्हता.

आधी एकच चाचणी

बिघडलेला तुकडा पुन्हा लेझरखाली घालू नका. तो स्वच्छ करा, वाळवा आणि फक्त रासायनिक थर पुन्हा द्या. कृती खाली आहे. थेंब पुन्हा पळू लागला तर खाचा ठीक आहेत, दोष थराचा आहे. पळाला नाही तर खाचांकडे वळा. या एका फाट्यावर निम्मी शोधाशोध संपते. तरीही बहुतेक जण हा टप्पा गाळतात, कारण मशीनचे सेटिंग बदलणे हाताशी असते आणि बीकर काढणे कंटाळवाणे वाटते.

तपासणीसाठी महागडे उपकरण लागत नाही. औषधाच्या दुकानातली इन्सुलिन सिरिंज पुरते, फक्त टोपीचा रंग बघून घ्या. लाल टोपीची ४० युनिटवाली असेल तर १ युनिट म्हणजे २५ मायक्रोलिटर, नारिंगी टोपीची १०० युनिटवाली असेल तर १ युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर. दोघांनी दोन वेगळ्या सिरिंज वापरल्या तर थेंबात अडीच पटींचा फरक पडतो आणि मग आकड्यांवरून वाद होतात. स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पत्र्याशी करते तो कोन, मोजायला ५ मायक्रोलिटरचा थेंब घ्या, म्हणजे नारिंगी सिरिंजवर अर्धा युनिट. १० मायक्रोलिटरच्या वर थेंब स्वतःच्या वजनाने चपटा होतो. सुईला आतबाहेर सिलिकॉनचे वंगण असते, म्हणून पहिले पाचसहा थेंब बाहेर टाकून द्या. पाणी डीएम (क्षार काढलेले) किंवा डिस्टिल्ड घ्या.

चांगल्या पृष्ठभागावर एक गंमत दिसते: थेंब सुई सोडतच नाही. पत्र्याला टेकवला तरी सुईबरोबर परत वर येतो. हे बघून सिरिंज खराब आहे असे समजू नका, याहून चांगली खूण नाही. ३१ गेजच्या सुईवरून थेंब ५–६ मायक्रोलिटरचा झाला की आपल्याच वजनाने सुटतो, तेवढा होऊ द्या.

फोटोसाठी थेंबाच्या मागे दिवा लावा आणि मध्ये बटर पेपर धरा. मोबाइल थेंबाच्या पातळीवर ठेवून मॅक्रोने टिपा. इमेजजे या मोफत प्रोग्रॅममध्ये स्पर्शकोन मोजण्याचे प्लगइन मिळते. १५० अंशांच्या पुढे थेंब आणि पत्रा नेमका कुठे टेकतो ती रेघ पकडणे कठीण असते, त्यामुळे तिथे चारपाच अंशांच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. खरा निकाल घसरण कोनाचा. १० मायक्रोलिटरचा थेंब ठेवून पत्रा हळूहळू कलवा, मोबाइलच्या लेव्हल ॲपने कोन वाचा. १० अंशांच्या आत थेंब पळाला तर पृष्ठभाग खरोखर पाणी झटकणारा आहे. एकाच तुकड्यावर निदान पाच ठिकाणी बघा: चार कोपरे आणि मधोमध.

ताज्या तुकड्यावर पाणी पसरते, पण बेटे राहतात

मशीनवरून उतरलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो क्षणात खाचांमधून धावत सगळीकडे गेला पाहिजे. एखादा रुपयाएवढा भाग कोरडा राहिला, पाणी त्याला वळसा घालून गेले, तर तिथे तेल आहे किंवा लेझर नीट बसलेला नाही. ही तपासणी फुकट आहे आणि थर देण्याआधी करता येते, म्हणून दर बॅचला करा.

तेल बहुतेक वेळा पत्र्याच्या संरक्षक फिल्मच्या गोंदाचे किंवा कापणीच्या कूलंटचे असते. लेझर ते सगळे जाळून टाकेल या भरवशावर राहू नका. जळून त्याची काजळी खाचेच्या काठावर बसते. लेझरआधी ॲसिटोनने पुसा, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल), दर वेळी नवे कापड घेऊन. एकच कापड फिरवत राहिलात तर तेल निघत नाही, सगळीकडे सारखे पसरते.

खाचांचा हिशेब

आता खऱ्या खाचांकडे. नेहमीचे यंत्र धरू: २० वॅट क्यू-स्विच्ड (नॅनोसेकंद पल्सचा), १०६४ नॅनोमीटर, १६० मिमी फोकल लांबीची लेन्स, ११० × ११० मिमी क्षेत्र. बीमचा व्यास ७ मिमी आणि एम-वर्ग (बीमची गुणवत्ता सांगणारा आकडा) १.५ धरला तर फोकसमध्ये ठिपका सुमारे ४६ मायक्रॉनचा येतो. २५४ मिमीची लेन्स लावली की तोच ७४ मायक्रॉन होतो. दुसऱ्याची फाइल आणून आपल्याकडे चालवली आणि जमले नाही, याचे सगळ्यात साधे कारण हेच असते: लेन्स वेगळी.

सुरुवात ३० किलोहर्ट्झ (सेकंदाला ३० हजार पल्स), ३०० मिमी प्रति सेकंद, पॉवर ८०–९० टक्के अशी करा. पल्समधले अंतर १० मायक्रॉन पडते, म्हणजे ४६ मायक्रॉनच्या ठिपक्यात जवळजवळ ७८ टक्के आच्छादन. हॅच ०° आणि ९०° असा दोन दिशांना, ओळींमधले अंतर ०.०८ मिमी, एकूण ८ पास, म्हणजे दोन्ही दिशा मिळून एक फेरी अशा ८ फेऱ्या. ५० × ५० मिमीच्या तुकड्याला एका पासात ६२.५ मीटर रेघ ओढावी लागते, म्हणजे साडेतीन मिनिटे. आठ पासांना अर्ध्या तासाच्या आसपास. ही गती वेडगळ वाटत असेल तर बरोबरच वाटते आहे. मोठ्या क्षेत्रासाठी हे तंत्र अजून महाग आहे. रोचेस्टर विद्यापीठातील चुनलेई गुओ यांच्या गटाने २०१५ मध्ये फेम्टोसेकंद लेझरने पाणी झटकणारे धातू करून दाखवले, तेव्हा एक चौरस इंच करायला त्यांना एक तास लागत होता.

ओळींमधले अंतर ०.०८ का, हे समजून घेतले तर पुढचे अर्धे दोष आपोआप कळतात. दोन दिशांच्या खाचांमध्ये चौकोनी उंचवटे उरतात. पाणी फक्त त्यांच्या माथ्यावर टेकले आणि खाली हवा राहिली तर थेंब पळतो. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये दिलेल्या सूत्रात माथ्याचे क्षेत्र एकूण क्षेत्राच्या किती टक्के, हाच आकडा सगळे ठरवतो. खाच ४६ मायक्रॉनची आणि सपाट पृष्ठभागावर थराचा स्वतःचा कोन १०५ अंश धरून हिशेब असा येतो:

अंतर ०.१० मिमी : माथा २९ टक्के, कोन सुमारे १४२ अंश
अंतर ०.०८ मिमी : माथा १८ टक्के, कोन सुमारे १५० अंश
अंतर ०.०६ मिमी : माथा ५ टक्के, कोन सुमारे १६४ अंश

मग ०.०६ च का घेऊ नये? कारण तिथे उंचवटा जेमतेम १४ मायक्रॉनचा उरतो. नॅनोसेकंद लेझर धातू वाफवण्याइतकाच वितळवतोही. ते वितळलेले स्टील खाचेच्या काठावर चढते आणि १४ मायक्रॉनचा उंचवटा वितळून शेजारच्या खाचेत कलंडतो. सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनांऐवजी रव्याच्या शिऱ्यासारखा गाठीगाठींचा पृष्ठभाग दिसला, तर हेच झाले आहे. असा पृष्ठभागही कधीकधी पाणी झटकतो, पण प्रत्येक बॅचला वेगळा.

खोली ३० ते ४० मायक्रॉन असू द्या. मोजायला धातुशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकाचा बारीक फोकसचा नॉब पुरतो: आधी माथ्यावर फोकस करा, मग तळावर, आणि नॉबवरचे फरकाचे भाग मोजा. एका भागाला किती मायक्रॉन हे नॉबवरच लिहिलेले असते. खोली कमी येत असेल तर पॉवर वाढवण्याऐवजी पास वाढवा. एका दमात जास्त उष्णता दिली की वितळ वाढते. दोन पासांमध्ये १०–१५ सेकंद थांबवले तर पातळ पत्रा वाकत नाही.

कोन १५०, पण पत्रा उलटा केला तरी थेंब पडत नाही

फोटोत सुरेख, व्यवहारात निरुपयोगी. गुलाबाच्या पाकळीवर असेच होते: थेंब गोल असतो पण चिकटून बसतो. इथे तीन कारणे तपासा, याच क्रमाने.

पहिले, हॅच एकाच दिशेने तर झाला नाही ना? ईझीकॅड या मार्किंगच्या प्रोग्रॅममध्ये दुसरा हॅच सुरू केला पण त्याचा कोन ९० टाकायचा राहिला, तर दोन्ही हॅच एकावर एक बसतात आणि नुसत्या समांतर खाचा उरतात. अशा पत्र्यावर थेंब खाचेच्या दिशेने पळतो, आडवा अडतो. तुकडा ९० अंश फिरवून पुन्हा कलवून बघा. दोन दिशांचे आकडे वेगळे आले तर कारण सापडले.

दुसरे, माथे गुळगुळीत राहिले आहेत का? थेंबाची कड गुळगुळीत सपाट माथ्याला धरून ठेवते. चांगल्या तुकड्यात खाचेतून उडालेले बारीक कण माथ्यावर घट्ट चिकटून बसलेले असतात आणि माथा मखमली काळा दिसतो. माथे चकचकीत दिसत असतील तर अंतर ०.१० वरून ०.०८ वर आणा. नाहीतर शेवटी सगळ्या क्षेत्रावर एक हलका पास मारा: पॉवर २०–२५ टक्के, ०.०३ मिमी हॅच, वेग ८०० मिमी प्रति सेकंद. त्याने खाचा भरत नाहीत, माथा मात्र खरखरीत होतो.

तिसरे, थर अर्धवट बसला आहे. पुन्हा बुडवा.

थर देण्याची कृती

हवेत ठेवून आपोआप बदल होण्याची वाट बघता येते, पण तो भरवशाचा नाही. कधी आठ दिवस, कधी महिना, आणि खोलीतल्या हवेत काय आहे त्यावर सगळे अवलंबून. शेजारी कोणी साच्यावर सिलिकॉन स्प्रे मारत असेल तर तुकडा दोन दिवसांत झकास पाणी झटकतो. पुढच्या महिन्यात स्प्रे संपतो आणि आपण मशीनला दोष देतो. लेझर विभागात सिलिकॉन स्प्रे नको, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

वेळ वाचवायचा तर स्टिअरिक आम्ल वापरा. २०० मिली आयपीएला ०.५७ ग्रॅम, म्हणजे ०.०१ मोलर. मेणबत्तीच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या पापुद्र्यांत पामिटिक आम्लही मिसळलेले असते, त्याने काही बिघडत नाही. आयपीए मात्र ९९ टक्क्यांवरचेच घ्या. हातावर चोळायचे सॅनिटायझर वापरून काम बिघडवल्याची उदाहरणे बरीच आहेत. त्यात पाणी असते आणि ग्लिसरीनही, आणि ग्लिसरीन पाणी ओढून घेते.

लेझरनंतर आधी सुटी भुकटी काढायची. तुकडा डीएम पाण्यात घालून अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये ५ मिनिटे ठेवा. पाणी करडे झाले तर बदला आणि पुन्हा ५ मिनिटे. स्वच्छ राहीपर्यंत हेच चालू ठेवा. मग ५ मिनिटे आयपीएत. आयपीए थेट टाकीत ओतू नका. काचेच्या बीकरमध्ये घ्या आणि बीकर पाण्याच्या टाकीत ठेवा. आयपीएची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते.

तुकडा हवेत वाळवा, आयपीएचा वास पूर्ण गेला की मगच ओव्हनमध्ये ८० अंशांवर २० मिनिटे. खाचांमध्ये पाण्याचा अंश राहिला तर थर तिथे बसत नाही. नंतर दिसणाऱ्या ठिगळांपैकी बरीच इथे जन्मतात.

द्रावण ४०–४५ अंशांच्या पाण्यात बीकर ठेवून कोमट करा, ज्योतीवर नाही. तुकडा उभा बुडवा, आडवा नको. आडव्या तुकड्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात. ॲल्युमिनियम आणि तांब्याला एकदोन तास पुरतात, स्टेनलेसला रात्रभर ठेवा. भांडे झाकून ठेवा, आयपीए उडून गेले तर द्रावण घट्ट होते.

बाहेर काढल्यावर स्वच्छ आयपीएने एकदा, फक्त एकदा, खळबळून घ्या. हे केले नाही तर मेणाचा पांढरा थर सुकून खाचा बुजवतो. तुकडा राखाडी-पांढरट दिसला तर ओळखा की धुणे राहिले. मग ८० अंशांवर अर्धा तास. स्टिअरिक आम्ल ६९ अंशांना वितळते, त्यामुळे या तापमानात उरलेसुरले आम्ल खाचांच्या भिंतींवर सारखे पसरते.

स्टेनलेसवर स्टिअरिक आम्लाची पकड तांबे-ॲल्युमिनियमइतकी चांगली नसते, हे स्पष्ट सांगायला हवे. प्रयोग, प्रात्यक्षिक, महाविद्यालयीन प्रकल्प यांसाठी ते ठीक आहे. टिकाऊ काम हवे असेल तर ऑक्टाडेसिल फॉस्फोनिक आम्ल घ्या: २०० मिली आयपीएला ६७ मिलिग्रॅम, रात्रभर बुडवून, मग १२० अंशांवर काही तास. महाग आहे, पण लागते चिमूटभर. फ्लोरिनयुक्त सिलेनने आकडे याहून चांगले येतात. पण ही द्रव्ये वर्षानुवर्षे विघटित होत नाहीत आणि खाण्यापिण्याच्या भांड्याला ती लावूच नयेत. केवळ दहा अंश जास्त मिळावेत म्हणून ती वापरू नका.

दोन दिवस चालले, मग ठिगळे पडली

ठिगळाचा आकार बघा, तोच कारण सांगतो.

बोटाएवढे लांबट ठिगळ म्हणजे बोटच. घाम आणि त्वचेचे तेल खाचेत गेले की पुसून निघत नाही, उलट पुसताना आत ढकलले जाते. आयपीएत अल्ट्रासॉनिक करून पुन्हा थर द्या आणि यापुढे बिनपावडरचे नायट्राइल मोजे घाला.

थेंबाच्या वाटेने पडलेला पट्टा आणि घरंगळलेल्या थेंबाचा तळ तपकिरी, तर सुटी भुकटी राहिली होती. थर भुकटीवर बसला आणि थेंब भुकटीसकट तो घेऊन गेला. पांढऱ्या इअरबडने हलकेच दाबून बघा. काळे लागले तर अल्ट्रासॉनिक कमी पडला.

साबणाच्या पाण्याने धुतल्यावर सगळाच तुकडा पाणी पिऊ लागला तर स्टिअरिकचा थर गेला. अल्कली आणि स्टिअरिक आम्ल मिळून साबणच होतो, आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा बार अशा पृष्ठभागाला कधीच लावायचा नाही.

तुकडे कशात गुंडाळून ठेवता तेही बघा. पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांतले प्लास्टिसायझर पृष्ठभागावर येऊन बसतात. ॲल्युमिनियम फॉइल बरी.

सिरिंजने पास, नळाखाली फेल

इथे थर आणि खाचा दोन्ही ठीक असू शकतात. माथ्यांमधली हवा किती दाब झेलते याला मर्यादा असते. वर धरलेल्या ०.०८ मिमी जाळीसाठी ढोबळ हिशेब काढला तर सुमारे ४८० पास्कल येतात, म्हणजे ५ सेंमी पाण्याचा स्तंभ. भिंती खरखरीत असल्याने प्रत्यक्षात थोडे जास्त सहन होते, पण फार नाही. ५ मायक्रोलिटरच्या थेंबाच्या आतला दाब सुमारे १४० पास्कल असतो, त्यामुळे सिरिंजची चाचणी आरामात पास होते. तोच थेंब ५ सेंमी उंचीवरून सोडला तर तो एक मीटर प्रति सेकंद वेगाने आदळतो आणि जवळजवळ ४९० पास्कल दाब देतो. इथेच काठावर आलात. नळाची धार दोन मीटर प्रति सेकंदाने आली तर २००० पास्कल. बादलीत एक वीत खोल बुडवला तरी तेच. पाणी खाचांत शिरते, हवा निघून जाते, थेंब चिकटतात.

खात्री करायला तुकडा वाळवा, ८० अंशांवर वीस मिनिटे ठेवा आणि सिरिंजने पुन्हा तपासा. पुन्हा पळाला तर थराला दोष देऊ नका, दाब जास्त झाला इतकेच. उपाय एकच: खाच अरुंद करा. १०० मिमीच्या लेन्सने ठिपका ३० मायक्रॉनच्या जवळ येतो. त्याबरोबर ओळींमधले अंतर ०.०५ वर आणा. खाच रुंद ठेवून नुसती खोल केल्याने हा आकडा हलत नाही, कारण पाणी आत शिरायचे की नाही हे खाचेच्या तोंडावर ठरते.

वाफ आणि दव यांच्यापुढे तर ही जाळी हतबल असते. वाफ थेट खाचेच्या तळाशी जाऊन तिचे पाणी होते, मग वरचा थेंब आतल्या पाण्याला जोडला जातो. चहाच्या किटलीवर धरून दाखवायचा बेत असेल तर सोडून द्या. तेलाचेही तसेच. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, तेलांचा त्याच्या निम्म्याहून कमी. पाणी झटकणारी ही जाळी तेल आनंदाने पिते.

एक बाजू चांगली, दुसरी नाही

हा दोष मात्र बहुतेक वेळा मशीनचाच. १६० च्या लेन्सला फोकसची खोली वर-खाली सुमारे १ मिमी असते. १ मिमी जाडीचा पत्रा कातरीवर कापला की कडा सहज अर्धा-पाऊण मिमी वर उचलल्या जातात, त्यात टेबल तिरके असले की झाले. पत्रा काचेवर किंवा व्हॅक्यूम प्लेटवर दाबून ठेवा. चारही कोपऱ्यांत एकेक रेघ मारून रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली जुळवा. १०० च्या लेन्सला तर ही मुभा जेमतेम ०.४ मिमी आहे. अरुंद खाचेची किंमत इथे मोजावी लागते.

क्षेत्राच्या टोकांना ठिपका किंचित लांबट होतो, म्हणून ११० मिमीच्या लेन्सवर काम मधल्या ७०–८० मिमीतच घ्या. रेघांच्या दोन्ही टोकांना खोल खड्डे दिसत असतील तर ईझीकॅडमधला लेझर-ऑन डिले कमी पडतो आहे किंवा लेझर-ऑफ जास्त आहे. आरशांनी वेग घेण्याआधीच लेझर सुरू होतो किंवा ते थांबले तरी चालू राहतो. तुकड्यापेक्षा हॅच प्रत्येक बाजूला २ मिमी मोठा घेऊन कडा बाहेर सोडणे हा आळशी पण पक्का उपाय आहे. खाली मात्र जुन्या पत्र्याचा तुकडा ठेवा.

लेन्सवर काजळी बसली की मधोमध पॉवर हळूहळू उतरते. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियमची संयुगे असतात, त्यामुळे धूर ओढणारा पंखा फिल्टरसह हवाच, फुफ्फुसांसाठीही आणि लेन्ससाठीही. चष्मा १०६४ नॅनोमीटरचा, ऑप्टिकल डेन्सिटी ६ किंवा अधिक. जागा दाखवणारा लाल बिंदू दिसतो म्हणून लेझरही दिसेल असे समजू नका, १०६४ डोळ्याला दिसत नाही.

तांबूस ठिपके

पावसाळ्यात कोकणपट्टीत हा दोष चटकन दिसतो. लेझरने स्टेनलेसचा क्रोमियम ऑक्साइडचा नैसर्गिक थर मोडतो, आणि वितळून गोठलेल्या भागाला गंज लागतो. रासायनिक थर देण्याआधी सायट्रिक आम्लाने पॅसिव्हेशन करा, म्हणजे तो ऑक्साइडचा थर पुन्हा बसू द्या: ४ ते १० टक्के द्रावण, २१ ते ४९ अंश सेल्सिअस, निदान २० मिनिटे, मग डीएम पाण्याने भरपूर धुणे. मग वरच्या कृतीप्रमाणे वाळवून थर. क्रम उलटा केला तर आम्ल खाचांत शिरतच नाही. ३०४ ऐवजी ३१६ घेतले तर त्रास कमी होतो, पण पॅसिव्हेशन चुकत नाही.

तांबे-पितळावर गंजाची चिंता नसते, पण परावर्तित बीम लेझर स्रोताकडे परत जाण्याचा धोका असतो. आयसोलेटर (परत येणारा बीम अडवणारा भाग) नसलेल्या स्वस्त यंत्रावर पॉलिश केलेले तांबे लेन्सच्या बरोबर मधोमध ठेवू नका. तांब्याला थर न देता १०० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवले तरी स्वभाव लवकर उलटतो. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने ओढून नेते, म्हणून पास वाढवावे लागतात. स्टिअरिक आम्ल मात्र त्यावर छान बसते. पहिल्यांदाच हे काम करत असाल तर ॲल्युमिनियमवरच हात बसवा.

प्रत्येक बॅचबरोबर २० × २० मिमीचा एक साक्षी तुकडा त्याच पत्र्यातून कापून त्याच पासात करा, आणि त्याच्या पाठीवर मार्करने नाही, लेझरनेच लिहा: तारीख, लेन्स, अंतर, पास, लेझरपासून थरापर्यंत गेलेले तास. मार्करची शाई आयपीएत विरघळते आणि बीकरमधल्या सगळ्याच तुकड्यांवर जाऊन बसते.